साकेतचं न मिटणारं हसू

आज नोकरी खिशात घालूनच घरी यायचं, असं साकेतने सकाळी आरशासमोर जाहीर केलं! जाहीर करताना तो हसत होता. खरं तर महिनाभर तो हसतच होता. ठाकुर्लीच्या तानाजी सरांच्या क्लासात तो मुलाखतीची देहबोली शिकला होता. नजर थेट ठेवायची, अंग जरा पुढे झुकवायचं आणि आभाळ कोसळलं तरी चेहऱ्यावरचं हसू पुसायचं नाही. "भीती वाटली तर दुप्पट हसा!" असा सरांचा मंत्रच होता.

"साकेत, दात आत घे रे, पोहे सांडतायत," त्याची बायको मैथिली म्हणाली. मग एकदम गंभीर झाली. "हे बघ, आज पण नाही जमलं ना, तर सोमवारपासून टिटवाळ्याला पप्पांच्या दुकानात बसायचं. मी शब्द दिलाय त्यांना."

सासऱ्यांचं दुकान बाथरूमच्या सामानाचं. जन्मभर सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत गिऱ्हाइकांना कमोड दाखवत बसायचं! साकेतच्या अंगावर काटा आला आणि तो दुप्पट हसला.

नोकऱ्या लावून देणाऱ्या मुलीने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की कोपरीला 'सोबत' नावाची कंपनी आहे, घरोघरी लागेल ती सगळी व्यवस्था करते, माणसांशी बोलायचं काम आहे. साकेतने लग्नं, मुंजी, बारशी गृहीत धरली. खरं म्हणजे ही कंपनी मयताची व्यवस्था करायची. पण हे सांगितलं की उमेदवार फिरकतच नसत, म्हणून या वेळी त्या मुलीने तोंडाला कुलूप लावलं होतं. तुम्हाला निदान मी सांगितलं. साकेतला कोण सांगणार?

कोपरीतली ती गल्ली भर दुपारी अंधारलेली होती. दार लोटून तो आत शिरला आणि बाहेरचे सगळे आवाज एकदम बंद झाले. आत गारठा होता. उदबत्तीचा वास होता आणि त्या वासाखाली आणखी एक वास, जो त्याला ओळखता येईना. कोपऱ्यात बांबू उभे, शेजारी रचलेली मडकी. पडद्यामागे काहीतरी सारखं घुमत होतं. मांडवाचं सामान आणि आइस्क्रीमचा फ्रीज असणार, अशी साकेतने स्वतःची समजूत घातली. तरी मानेवरचे केस काही खाली बसेनात.

टेबलाशी कोणीच नव्हतं. भिंतीला लागून तिघं बसली होती, एक म्हातारी, एक बाई आणि एक पुरुष. तिघंही पांढऱ्या कपड्यांत. कोणाची पापणीही लवत नव्हती.

मुलाखत घेणारे हेच! साकेत हात पुढे करून थेट म्हातारीसमोर गेला. "नमस्कार! मी साकेत! तुम्हाला भेटून फार आनंद झाला!"

म्हातारीने हात धरला. तिचा हात गारठलेला होता. आणि तिने तो सोडलाच नाही.

"मालनताईंचा माणूस तुम्हीच का?" शेजारच्या बाईने हलक्या आवाजात विचारलं. मालनताई म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई.

"मीच! म्हणजे आजपासून!"

"आधी केलंय का हे काम?"

"नाही मॅडम. पण लहानपणापासून आवड आहे!"

पुरुष खुर्चीत मागे सरकला. "आवड? ह्याची?"

"हो सर! ती गर्दी, ती फुलं! मी तर ओळख नसली तरी जाऊन जेवून यायचो!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पडद्यामागची घुमघुम तेवढी वाढल्यासारखी वाटली.

"भाऊ मस्कतहून संध्याकाळी पोचेल," बाई शेवटी म्हणाली. "तोवर बाबांना इथेच ठेवलंय. आमच्याकडे खांदा द्यायला माणसं कमी आहेत हो. तुम्ही द्याल ना?"

साकेतने बांबूंकडे पाहिलं. मग मडक्यांकडे. मग पांढऱ्या कपड्यांकडे. त्याला सगळा उलगडा झाला आणि तानाजी सरांची शिकवणी फळाला आली. भीती जसजशी वाढली, तसतसं हसू रुंदावत गेलं. त्याने तोंड मिटायचा प्रयत्न केला. मिटेना!

"चल," म्हातारी हात ओढत म्हणाली. "ह्यांना बघ."

पडद्यामागे काचेची शीतपेटी होती. आत एक आजोबा निजले होते. कपाळाला आठी, ओठ घट्ट. साकेत सवयीने पुढे झुकला. वरची ट्यूब लुकलुकली आणि त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात काचेवर बरोबर आजोबांच्या ओठांवर उमटले. काचेखालचा चेहरा सावकाश हसला.

म्हातारी काचेवर वाकली. "नयन! अगं, हे हसले!"

"आई, ते काचेत ह्या माणसाचं..."

"हसले म्हणते ना! उभ्या जन्मात मला कधी हसून दाखवलं नाही गं, आणि आज जाता जाता..." आणि म्हातारी हमसून हमसून रडायला लागली. नवरा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता नयनही रडली. साकेतलाही भडभडून आलं, पण तोंड हसतंच होतं. फार भयंकर दिसत होता तो.

"हा कोण?" दारातून मालनताई ओरडल्या.

"इंटरव्ह्यू!" एवढं म्हणून साकेतने हात सोडवला आणि दाराकडे धाव घेतली. पण निघताना वळून, नजर मिळवून, प्रसन्नपणे निरोप घ्यायचा असतो ना! तो वळला. "येतो! पुन्हा नक्की भेटू!"

मयताच्या ठिकाणाहून निघताना 'येतो' म्हणू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नयनचा नवरा बाह्या सरसावून उठला. साकेत जो पळाला तो ठाणे स्टेशनलाच थांबला. आता टिटवाळा चुकत नाही! या विचाराने त्याला खरंच रडू यायला लागलं, तेवढ्यात फोन वाजला.

"मालनताई बोलतेय."

"सॉरी मॅडम, माझं खरंच चुकलं..."

"गप बस आणि ऐक. मघाच्या त्या मंदाकिनीआजी हटून बसल्यायत. ह्यांना ज्याने हसवलं, तोच मुलगा माझ्याही वेळेला पाहिजे म्हणतात. शिवाय तू पुन्हा भेटू म्हणालायस, तो शब्द त्यांनी धरून ठेवलाय. त्या आहेत तोवर तुला काढायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. उद्यापासून ये. आणि येताना तोंडाला मास्क लाव!"

आजी आहेत तोवर नोकरी पक्की! मैथिलीने पेढे वाटले. कंपनी कसली, ते मात्र तिने शेजाऱ्यांना सांगितलं नाही. तेव्हापासून आजी नुसत्या खोकल्या असं कळलं तरी साकेतची झोप उडते. रोज सकाळी तो फोन करून काळजीने विचारतो, "आजी, बऱ्या आहात ना?"

आणि आजी रोज खेकसतात, "आहे रे मेल्या! एवढी कसली घाई झालीय तुला?"