हेरंबरावांच्या पोटातला हिरा

आमची दीपिका हवेतून हिरा काढते. हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलंय की आता आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कोणी माझ्याबरोबर एकटं चढत नाही. मी छत्तीस वर्षं पोस्टात टपालाची छाननी केली. त्यात बढाई मारण्याजोगं काही नव्हतं, त्यामुळे सगळा साठा शिल्लक होता. तो आता मुलीच्या नावाने काढतोय.

परळला ज्या गिरणीच्या आवारात माझे वडील साच्यावर उभे राहायचे, तिथे आता काचेची बिल्डिंग आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर दीपिका रिअॅक्टर चालवते. रिअॅक्टर म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. मग मी समजावून सांगतो. पिंपाएवढं धातूचं भांडं असतं. आतली हवा पंपाने खेचून काढायची. मग हायड्रोजन आणि नावापुरता मिथेन सोडायचा, दाब अगदी कमी ठेवायचा आणि मायक्रोवेव्हचा मारा करायचा. आत जांभळट गोळा पेटतो, तो प्लाझ्मा. त्याच्याखाली हिऱ्याचा एक पातळ काप ठेवलेला असतो, त्यावर कार्बनचे थर चढत जातात. तासाभरात केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा. तीन आठवडे तो गोळा विझू द्यायचा नाही. पोरीने तेही केलंय, दिवाळीत घरी न येता.

तर त्या शुक्रवारी दीपिका एक डबी घेऊन घरी आली. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिने एकटीने वाढवलेला हा पहिला हिरा. कापून, घासून त्याची पट्टी केलेली. करंगळीच्या नखाएवढी, चौकोनी, पाण्यासारखी स्वच्छ. दागिन्यासाठी नाही, यंत्रातली उष्णता खेचून घेण्यासाठी. सोमवारी ही पट्टी तपासणीला बेंगळुरूला जायची होती. त्या रिपोर्टवर दीपिकाचं पुढचं सगळं काम ठरणार होतं. दोन दिवस आई-बाबांना दाखवायला म्हणून तिने साहेबांकडून खास परवानगी काढली होती.

तिने एक गंमतही दाखवली. पट्टी चिमटीत धरून बर्फाच्या खड्यावर टेकवली, तर ती लोण्यातून सुरी जावी तशी आरपार गेली. बोटांची ऊब हिऱ्यातून धावत जाते आणि बर्फ वितळतो, असं ती म्हणाली. काचेला हे जमत नाही. मग डबी कपाटात ठेवून तिने मला बजावलं, "बाबा, ही घराबाहेर न्यायची नाही."

शनिवारी सकाळी साडेसातला डबी माझ्या खिशात होती आणि मी शिवाजी पार्कवर.

आमचा कट्टा म्हणजे आठ-दहा रिटायर्ड मंडळी. त्यात हेरंबराव नेने, बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले, माणूस मऊ. त्यांच्या पत्नी नलूताईंचं तसं नाही. मी डबी उघडल्यावर सगळे वाकून बघू लागले आणि नलूताईंनी चष्मा सारखा करून निकाल दिला की ही बसच्या खिडकीची काच आहे.

पलीकडे दगडूची सरबताची गाडी होती. त्याच्याकडून बर्फाचा खडा मागितला. हेरंबरावांनी कोकम सरबत घेतलेलं होतं, त्यांना ग्लास बाजूला धरायला सांगितलं. पट्टी चिमटीत धरली, बर्फावर टेकवली आणि खड्याचे दोन तुकडे केले. लोक चकित झाले. नलूताई म्हणाल्या, पुन्हा करा. पुन्हा केलं. तेवढ्यात चालायला आलेले आणखी लोक थांबले, त्यांच्यासाठी पुन्हा. पाचव्या खेपेला माझी बोटं इतकी बधिर झाली होती की ती माझी आहेत की दुसऱ्याची हे कळेना. बर्फाचे तुकडे मी हेरंबरावांच्या ग्लासात टाकले, रुमालाला हात पुसले आणि पट्टी डबीत ठेवायला गेलो.

पट्टी नव्हती.

खाली पाहिलं, गाडीवर पाहिलं, बाहीत पाहिलं. मग सगळ्यांच्या माना एकदम हेरंबरावांकडे वळल्या. त्यांनी सरबत नुकतंच एका घोटात संपवलं होतं आणि रिकामा ग्लास हातात धरून ते मिशी पुसत होते.

पोटात हिरा गेला की माणूस वाचत नाही, ही गोष्ट आपल्याकडे शाळेत न जाताही येते. हिरकणी खाऊन प्राण दिल्याच्या कथा हेरंबरावांनी लहानपणी भरपूर ऐकलेल्या. ते कट्ट्यावर बसले, मग आडवे झाले. टॅक्सी येईपर्यंत त्यांनी नलूताईंना गच्चीवरच्या टाकीची चावी कुठे आहे ते सांगितलं आणि आपल्यामागे सोसायटीचं सेक्रेटरीपद ज्यांना मिळता कामा नये त्या तिघांची नावं सांगितली. नलूताई माझ्याकडे बघत होत्या. ते बघणं मी इथे लिहीत नाही.

दादरला डॉक्टर सीमा यांच्या दवाखान्यात एक्सरे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून खालून वर, वरून खाली पाहिला आणि आत काहीच दिसत नाही म्हणाल्या. तेव्हा मी बाहेर जाऊन दीपिकाला फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "काका बरे आहेत ना?" मग म्हणाली की कोपरे घासलेले आहेत, विष वगैरे काही नसतं, आलं तसं जाईल. आणि हिरा म्हणजे नुसता कार्बन, तो एक्सरेत दिसतच नाही. काच असती तर पांढरी दिसली असती.

मी धावत आत गेलो. डॉक्टरांना विचारलं, काच दिसली असती का? त्या म्हणाल्या, बहुतेक दिसतेच. मग मी सावकाश नलूताईंकडे वळलो. तो क्षण मला माझ्या निवृत्तीच्या समारंभापेक्षा मोठा वाटला. एक्सरेत काही नाही, म्हणजे हिरा अस्सल! माणूस पोटावर हात धरून झोपलेला असताना मी असं बोलायला नको होतं, पण बोललो. हेरंबराव पडल्यापडल्या "अभिनंदन" म्हणाले. डॉक्टरांनी केळी खायला सांगितली.

रविवारी सकाळी पार्कभर मी एक्सरेची गोष्ट सांगत फिरलो. हेरंबरावही आले होते, मरण टळल्यामुळे चेहऱ्यावर तेज. लोक त्यांच्या पोटाकडे आदराने बघत होते. शनिवार दुपारपासून मी दर दोन तासांनी फोन करून विचारत होतो, ते प्रामाणिकपणे "अजून नाही" सांगत होते. घरी दीपिका माझ्याशी नीट बोलत होती, आणि तेच जास्त लागत होतं. साहेबांना काय सांगायचं ते ती कागदावर लिहून काढत होती.

दुपारी माया, आमची मंडळी, कपडे भिजवायला बसली. आतून ओरडली की तुमच्या रुमालाच्या घडीत काच चिकटलीय, हात कापला असता.

दीपिकाने पट्टी पुसली, भिंगाखाली धरली. एक ओरखडा नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, म्हणजे एक्सरेत काही दिसलं नाही, कारण..."

"कळलं," मी म्हटलं.

सोमवारी पट्टी वेळेवर गेली. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. दीपिकाच्या साहेबांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. आता तिच्या हाताखाली तीन रिअॅक्टर आहेत. हे मी लिफ्टमध्ये सांगतोच आहे.

पण रविवारी संध्याकाळीच मी हेरंबरावांकडे गेलो होतो. म्हटलं, माणसाला फसवून ठेवणं बरं नाही. डबी उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, आपल्या पोटाकडे पाहिलं, नलूताई स्वयंपाकघरात असल्याची खात्री करून घेतली आणि डबीचं झाकण हळूच लावलं.

"भिवाराव," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मंगळवारी ज्येष्ठ नागरिक संघात माझं 'मी हिरा पचवला' यावर भाषण ठेवलंय. एवढं होऊन जाऊ द्या."

मी गेलो होतो भाषणाला. पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.