सात भाकऱ्यांचं शूटिंग

घोडेगावच्या व्हिडिओ शिबिरात शेवटच्या दिवशी राजरत्न सरांनी एकच काम दिलं. घरातलं माणूस काम करताना दाखवा, दोन मिनिटांत, आणि पाच वाजेपर्यंत आणून द्या. ज्याचं सगळ्यांत चांगलं होईल त्याला शिबिर भरवणाऱ्या संस्थेचा कॅमेरा सहा महिने घरी न्यायला मिळणार होता. शिनोलीच्या प्रतिभाने त्या कॅमेऱ्यासाठी नवस बोलायचाच काय तो बाकी ठेवला होता. बारावीनंतर वर्षभर ती घरात बसून होती आणि आता कुठे तिला काहीतरी जीव लावून करावंसं वाटत होतं.

"आई, नाचणीच्या भाकरीचं शूटिंग करू या," ती म्हणाली.

सारजाबाई आत गेल्या त्या भाच्याच्या लग्नातली जरीची साडी नेसूनच बाहेर आल्या.

"अगं, चुलीपुढं कुणी असं नेसतं का?"

"चार लोकं बघणार न्हवं? मंग!"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. तोंडावर उजेड हवा, असं सरांनी शिकवलेलं, म्हणून वडिलांच्या, म्हणजे कुशाबांच्या, हातात पांढरी चादर ताणून धरायला दिली. प्रतिभाने शिबिरातून आणलेला कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवला, नीट लावला आणि लाल बटण दाबलं. "हं, सुरू!"

सारजाबाईंनी पिठातून मान वर काढली. "नमस्कार मैत्रिणींनो! आज आपण बनवणार आहोत..."

"आई! तू रोज अशी बोलतेस?" प्रतिभाने पुन्हा बटण दाबून शूटिंग थांबवलं.

दुसऱ्या खेपेला भाकरी अशी सुरेख थापली जात होती, की प्रतिभाने श्वास रोखून धरला. नेमके शेजारचे दादाभाऊ दारात उभे राहिले.

"या भावजी, जेवून जावा!"

"आई, तुझा आवाज आला ना मधेच!"

"मंग दारातल्या माणसाला काय खुणंनं बोलवू?"

दादाभाऊ बसले. तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात गेली, तेव्हा दुसरी थापणं आलं. तोवर शूटिंगची बातमी वस्तीभर झाली होती. गोजरबाई आल्या, 'या' झालं. भरत आला, 'ये' झालं. जो येई त्याला भाकरी, आणि प्रत्येक भाकरीबरोबर शूटिंग पहिल्यापासून. प्रत्येक वेळी प्रतिभा बाहेर जाऊन लोकांना हात जोडून गप्प करी आणि परत येई. सहाव्या भाकरीला कुशाबांचे हात असे लटपटू लागले की आईच्या तोंडावर ढगाळ हवामान दिसू लागलं. सातव्या भाकरीला प्रतिभाने दाराला कडीच घातली आणि सगळं अगदी मनासारखं झालं. पिठाचा डबाही संपला होता.

आईवडिलांना घेऊन ती जीपने घोडेगावला पोचली आणि कॉम्प्युटरसमोर बसून गार पडली. कॅमेरा लावतानाच तिच्याकडून बटण एकदा दाबलं गेलं होतं. म्हणजे 'सुरू' म्हणताना तिने तो बंद केला होता आणि 'थांबा' म्हणताना चालू. सातव्या भाकरीचा मागमूस नव्हता. होतं ते फक्त मधल्या वेळेतलं, ती बाहेर असतानाचं.

पडद्यावर कुशाबा चादरीच्या टोकाने बायकोच्या गालावरचं पीठ पुसत होते. "आवं, लोकं बसल्याती!" म्हणत सारजाबाई लाजत होत्या. मग त्या दादाभाऊंना हळूच म्हणाल्या, "मला कुठली हौस, भावजी. पर पोरगी वरीसभर गपगप व्हती. ह्या कॅमेऱ्यानं बोलाया लागली. माझ्या चुकीनं त्यो ग्येला तर? त्येचंच लई भ्या वाटतंय बगा."

प्रतिभाच्या डोळ्यांपुढचा पडदा धूसर झाला. आपलं गप्प बसणं आईला दिसत होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. पाचला दहा मिनिटं होती. तेवढंच कापून तिने देऊन टाकलं.

ते बघताना सगळं शिबिर पुढे सरकून बसलं. मग सर म्हणाले, "माणूस कॅमेऱ्यासमोर इतका मोकळा होत नाही. कसं जमवलंस?"

प्रतिभा गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

"जमवलं नाही सर. बटण उलटं दाबलं गेलं."

सगळे खो खो हसले, सर तर डोळे पुसेपर्यंत.

"मग तुला शिकायला सहा महिने लागणारच. घेऊन जा कॅमेरा."

परतताना जीपमध्ये सारजाबाई तिच्यावर घसरल्या. "खरं सांगायची काय गरज व्हती गं? हातातनं ग्येला आस्ता म्हंजी?"

एवढं बोलताना कॅमेऱ्याची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, आणि शिनोली येईपर्यंत ती त्यांनी कुशाबांच्याही हातात दिली नाही.