मधी उतरलं तर किती?

वाघमारे मामा वकिलाच्या ऑफिसात शिरले की खुर्चीत टेकायच्या आधी विचारायचे, "शेवटच्या स्टॉपपर्यंत किती, अन् मधीच उतरलं तर किती?"

मामा आमचे केजचे शेजारी. जन्मभर एसटीत कंडक्टर. रिटायर झाले, पण टप्पे काही डोक्यातून उतरले नाहीत. अर्ध्या दाढीवर उठलं तर काय घेणार, हे न्हाव्यालाही आधी विचारून ठेवतात.

गेल्या साली बीडच्या एका खासगी दवाखान्यात मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर डोळा ठणकायला लागला. मामांनी फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, दुखतंच थोडं. चौथ्या दिवशी नेलं तेव्हा आत पू झाला होता. डोळा गेला. दवाखान्यावर दावा लावायचं ठरलं आणि कागद वाचायला म्हणून मामांनी मला रजा टाकायला लावली. मामीही बरोबर होत्या.

पहिले वकील म्हणाले, फीचं नंतर बघू. मामा उठले. नंतर बघू म्हणणाऱ्याला आपण कधी गाडीत घेतलं नाही, असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं. दुसरे म्हणाले, आता काही देऊ नका, भरपाई मिळाली की निम्मी माझी. हे वकिलाच्या नियमात बसत नाही, असं मामांनी त्यांना शांतपणे ऐकवलं. मी तोवर चपला शोधत होतो.

तिसऱ्या एक तरुण वकीलबाई होत्या. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर ओळीनं लिहून दिलं: नोटीस, ग्राहक आयोगातली तक्रार, तज्ज्ञ डॉक्टरांचं मत, तारखांची फी. प्रत्येकापुढे आकडा. हरलो तरी यातलं काही परत मिळणार नाही, हेही सांगितलं. मामा इतके खूश झाले की घासाघीस करायची विसरले. फक्त विचारलं, हे तज्ज्ञाचं मत एवढं महाग कावून? बाई म्हणाल्या, सगळी केस त्यावरच उभी राहते. चूक कुणाची, ते तो डॉक्टर सांगतो.

मामा मामींना म्हणाले, तू जरा बाहेर बाकावर बस, इथं पंख्याचा वारा लागतो. पंखा बंद होता. मामी उठून बाहेर गेल्या.

"मॅडम, ती पैल्याच दिशी म्हनली, दवाखान्यात जाऊ. फोनवर दुखतंच म्हनले, म्हनून मी उद्या, उद्या करत बसलो. त्या डॉक्टरला तेवढंच इचारा. त्याच दिशी आनलं असतं तर डोळा राहिला असता का?"

बाई म्हणाल्या, उत्तर आपल्या विरुद्धही येऊ शकतं. सकाळपासून मामांवर वैतागलो होतो, त्याची मला लाज वाटली.

"येऊ द्या," मामा म्हणाले. "दावा लागो न लागो, तेवढे पैसे आजच घ्या. मला झोप लागत न्हाई. तिनं अजून एकदा बी मला बोल लावला न्हाई."