साहेबांच्या टेबलावर शेवंती गावडे

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सावंतकाका बसत नाहीत. बसता येत नाही अशातला भाग नाही, त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धडधाकट आहेत. पण माझ्याकडे आले की दाराच्या चौकटीला टेकून उभे. चहा उभ्याने, पोहे उभ्याने, वादही उभ्यानेच. एक पाय माझ्या हॉलमध्ये, दुसरा बाहेर पॅसेजमध्ये. "बसा ना काका," म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "नको गो मीनल, घर उघडंय. निघतोच." आणि मग निघत मात्र नाहीत.

मी घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवते. मुलुंडमधले दातांचे डॉक्टर, केटरर, क्लासवाले हे माझं गिऱ्हाईक. भांडतात तेही, पण फोनवर भांडतात. दारात उभं राहून भांडणारं गिऱ्हाईक काकांच्या रूपाने पहिल्यांदाच मिळालं.

काका एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. कचेरी सुटली, पण कचेरीची भाषा सुटली नाही. लिफ्ट बंद पडली की म्हणतात, "प्रकरण प्रलंबित." पावाला उशीर झाला की, "वरून मंजुरी नाही." त्यांना सर्च इंजिन समजावताना मी घसा कोरडा केला. क्रमवारी कशी लागते, पहिल्या पानाला एवढं महत्त्व का, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे साहेब."

"साहेब?"

"अगं, खिडकीवर माणूस काहीतरी विचारतोय. आत ढीगभर फायली. कुठली वर काढायची ते साहेब ठरवणार. आपली फाईल वर पाहिजे, बास!"

तेव्हापासून सर्च इंजिन हे आमच्या मजल्यावर 'साहेब' झालं. साहेब आज खूश आहेत, साहेबांनी खाली ढकललं, साहेब अजून आलेच नाहीत.

"बरं, फाईल कसली ते सांगा," मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"नाव लिहून घे. शेवंती गावडे."

"कोण ह्या?"

"आहेत एक. ओळखीच्या."

"काय करतात? मसाले, शिवणकाम?"

"काही नाही करत. फक्त नाव टाकायचं आणि माझा फोन नंबर. कोणी शेवंती गावडे म्हणून शोधलं की पहिल्या पानावर, पहिल्या नंबरावर मी सापडलो पाहिजे. आणि लवकर." मग पॅसेजकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला, "सुमनसमोर विषय काढू नकोस."

सुमन म्हणजे काकू. आम्ही इथे राहायला येऊन वर्षच झालं असेल. काकू मला जाळीच्या दाराआडून हसतात तेवढीच ओळख. गुडघ्यांमुळे त्या बाहेर पडत नाहीत असं काका सांगतात. आणि हे गृहस्थ पांढऱ्या केसांनी, बायकोला चोरून, कुणा शेवंतीबाईंची वेबसाइट करायला निघालेले! मी नवऱ्याला सांगितलं तर तो हसून हसून सोफ्यावरून खाली आला. "जुनं प्रकरण उघडलंय वाटतं काकांनी," म्हणाला. मला मात्र हसू आलं नाही. त्या जाळीआडच्या हसऱ्या बाईंची बाजू घ्यायला कोणीतरी हवं होतं, आणि मी ती मनातल्या मनात घेऊन टाकली.

काम नाकारणार होते. पण काका नाकारू देतील तर ना. मी कटकट मिटावी म्हणून एका तयार साच्याच्या सेवेवर पान करून दिलं. खोके ओढायचे, सोडायचे, मजकूर भरायचा. चार दिवस गेले आणि काका दारात. "हे नको. हा छापील फॉर्म आहे. छापील फॉर्म साहेब बघतसुद्धा नाहीत, नुसता शिक्का मारतात. शिवाय पान उघडायला किती वेळ! तेवढ्यात साहेब चहाला उठतील."

मग थीमवालं केलं, म्हणजे सजावट आयती आणि मजकूर आपला. त्यात एक जोडणी होती, मजकूर साहेबांना पसंत पडेल असा असला की हिरवा दिवा दाखवणारी. काकांना तो दिवा फार आवडला. दिवा हिरवा होईना म्हणून त्यांनी एकाच परिच्छेदात शेवंती गावडे, शेवंती गावडे असा जप लावला. तरी समाधान नाही, तेव्हा पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तेच नाव खालपर्यंत भरून टाकलं. "माणसाला दिसणार नाही, साहेबांना दिसेल," म्हणाले. मी कपाळाला हात लावला. असल्या चलाख्या साहेबांना ठाऊक असतात आणि ते फाईलच कपाटात टाकतात, हे सांगितल्यावर काकांचा चेहरा पार पडला. "वाट लागली म्हणजे. पुसून टाक. लगेच पूस, मी उभा आहे."

म्हणजे पुन्हा नव्याने सुरुवात. पुन्हा साचा, पुन्हा थीम. माझे दातांचे डॉक्टर ताटकळत राहिले. मी चिडले की काका चौकटीवर बोटांनी ताल धरायचे आणि पुन्हा तेच विचारायचे, "पण मीनल, पहिल्या नंबरावर येईल ना?"

त्यात त्यांना कोणीतरी सांगितलं की स्वतःच्या फोनवर स्वतःची साइट वर दिसते, त्यावर विसंबू नये. झालं. रविवारी त्यांची मुलगी दिवसभर माहेरी असायची, त्या दिवशी काका बाहेर पडायचे आणि परक्या माणसांच्या फोनवर शोध घेऊन यायचे. औषधवाला, रिक्षावाले, नाहूर स्टेशनबाहेरचा केळीवाला. "जरा तुझ्या फोनवर हे नाव टाकून बघ रे बाबा." संध्याकाळी दारात उभे राहून अहवाल द्यायचे. "भांडुपला दुसऱ्या पानावर. गोवंडीला तर पत्ताच नाही. दुसरं पान कोण उघडतं गो? सांग ना, कोण उघडतं?" त्यांचा आवाज असा काही चढायचा की मीच दचकायचे. एखाद्या जुन्या ओळखीसाठी माणूस इतका कासावीस होईल असं मला खरं वाटेना. पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

पहिल्या पानावर दुसऱ्याच एक शेवंती गावडे होत्या, कुठल्याशा रांगोळी स्पर्धेतल्या विजेत्या. काकांनी त्यांच्याशी वैर धरलं. "काय गरज होती ह्यांना बक्षीस घ्यायची?" असं ते मनापासून विचारायचे.

एका दुपारी मी भाजी घेऊन येत होते, तर गेटवर आमचा नवा वॉचमन आणि सुमनकाकू. काकूंच्या पायात चपला नव्हत्या. गुडघे छान चालत होते. आपल्याच सोसायटीत त्या आत येऊ बघत होत्या आणि वॉचमन विचारत होता, "किसके यहाँ जाना है, आजी? नाम क्या है?"

"शेवंती गावडे," काकू ठणकावून म्हणाल्या. "माज्या बाबांका सांग, शेवंती इली म्हणान."

मी भाजीची पिशवी तिथेच ठेवून पुढे झाले. तेवढ्यात जिन्यावरून काका धावत आले, अर्ध्या गालाला दाढीचा साबण. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. काकूंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "चल गो शेवंती. बाबा वर आसत."

काकू निजल्यावर काका आमच्या दारात आले. उभेच. आता मला समजलं की त्या चौकटीतूनच समोरचं दार दिसतं, माझ्या खुर्चीतून दिसत नाही.

"तुम्ही राहायला यायच्या आधी अशीच निघून गेली," ते म्हणाले. "मी सुमन सावंत हरवली म्हणून पोलिसांत सांगत बसलो. ती तिकडे भांडुपला एका दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्यांना शेवंती गावडे सांगत होती. एका भल्या माणसाने फोनवर नाव टाकूनही बघितलं. काही निघालं नाही. सुमन सावंतला सगळे शोधत होते, शेवंती गावडेला कोणीच नाही."

"गळ्यात नंबर लिहून..."

"घातला. काढून टाकते. पदराला शिवला, तर उसवलान. माझं नाव नाही हे, म्हणते." काकांनी समोरच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. "बरोबरच आहे तिचं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीने सुमन लिहिलं. शेवंती मला जुनाट वाटलेलं. तिला कोणी विचारलं नाही. तेव्हा विचारायची पद्धत नव्हती. आता एकेक करून सगळं विसरत चाललीय, पण पहिलं सोडलंन ते मी दिलेलं नाव."

मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

त्या दिवशी मी साचा, थीम, हिरवा दिवा सगळं बाजूला ठेवलं. एकच पान, हाताने लिहिलेलं. ज्याला उघडायचंय तो कुणीतरी रस्त्यावरचा अनोळखी माणूस, हातात स्वस्तातला फोन, नेटवर्क जेमतेम. त्याच्यासमोर पान चटकन उघडायला हवं आणि सगळ्यात वर मोठा नंबर, बोट लावलं की फोन लागेल असा. नाव देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांतही. पण नुसत्या नावाने साहेब बधत नाहीत, त्यांना खरा मजकूर लागतो. "ह्या शेवंती गावडे कोण, ते तुम्ही लिहा," मी काकांना सांगितलं.

"मला सुमन माहीत आहे गो," ते गोंधळून म्हणाले. "शेवंती मला कुठे माहीत?"

मग ते रोज काकूंना विचारू लागले आणि दारात येऊन मला सांगू लागले. शेवंती आंब्यावर चढायची. शेवंती शाळेत कवितेला पहिली यायची. शेवंतीला समुद्राची भीती वाटायची. "इतक्या वर्षांत हे मला सांगितलंच नव्हतंन," असं म्हणताना त्यांना नवल वाटत होतं आणि थोडा हेवाही. मजकूर वाढत गेला. दुसऱ्या साइटनी आपलं नाव घेतलं की साहेबांचा विश्वास बसतो, असं मी म्हटलं मात्र, काका खुलले. "शिफारस! आधी नाही का सांगायचं?" त्यांनी काकूंच्या गावच्या देवस्थानाची, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची आणि आमच्या सोसायटीची अशा तिन्ही साइटवाल्यांच्या मागे लागून शिफारशी आणल्या. रांगोळीवाल्या बाई हळूहळू खाली सरकल्या. त्यांचं आम्हाला खरंच वाईट वाटलं.

परवा रविवारी दुपारी काका बाहेरून परतताना नुकतेच माझ्या दारात थांबले होते. एवढ्यात मुलीचा घरातून आवाज आला, "बाबा, आई बाथरूममध्ये नाहीये!" काका वळले आणि त्याच क्षणी त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, स्पीकर मीच लावला.

"हॅलो, इथे एक आजी आल्यात. नाव शेवंती गावडे सांगतात. मी सर्च केलं तर तुमचा नंबर पहिलाच आला."

नाहूर स्टेशनजवळचं बांगड्यांचं दुकान. रिक्षातून उतरलो तेव्हा काकू आतल्या बाकावर बसून चहा पीत होत्या, मनगटात हिरव्या बांगड्या. काका दुकानाच्या दारातच थबकले. नेहमीसारखा एक पाय आत, एक बाहेर. साहेबांचं नाव काढतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसती दाराची चौकट धरली.

दुकानातल्या मुलीने त्यांना खालीवर न्याहाळलं. माणूस सोपवायचा म्हणजे विचारायलाच हवं. "तुम्ही ह्यांचे कोण, काका?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंच्या नजरेत ओळख नव्हती.

"मी गावड्यांचा जावई," काका म्हणाले.

काकूंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी लगबगीने कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि बाकावर बाजूला सरकून जागा केली.

"जावय? मगे उभे कित्याक ऱ्हवलात? बसा मा."

आणि सावंतकाका बसले.