कपाशीच्या वावरापासून डावीकडे

अकोल्यातल्या एका खोलीत बसून चंदन अमरावतीच्या कंपनीसाठी वेबसाइट बनवत असे. दिवसभरातलं त्याचं बोलणं एका शब्दात आटपे. दूधवाला "अर्धा?" विचारी, चंदन "अर्धाच" म्हणे. उरलेला दिवस कीबोर्ड बोले.

नांदगाव खंडेश्वरजवळच्या भगवंतरावांच्या रोपवाटिकेची वेबसाइट त्याच्याकडे आली, तेव्हा प्रश्न नकाशाचा निघाला. बोटानं सरकणारा, मोठा होणारा इंटरॲक्टिव्ह नकाशा लावायचा, की स्टॅटिक, म्हणजे नुसतं चित्र? त्या शिवारात फोन लागे, पण इंटरनेट इतकं मंद, की सरकता नकाशा उघडेपर्यंत रोपाला फूल यावं. चंदननं चित्र काढलं. रस्ता भगवंतरावांनीच फोनवर सांगितला होता: "नांदगाव सोडलं का कपाशीचं वावर लागते, तिथून डाव्या हाताले." त्यानं ते इमानदारीनं तसंच रेखाटलं. खाली "रस्ता चुकल्यास" असं लिहून तपासणीपुरता स्वतःचा नंबर टाकला आणि काढायला विसरला.

पहिला फोन सोमवारी आला.

"भाऊ, कोणतं वावर? इथं तं चारी मेरे कपाशीच हाय!"

चंदननं चित्र पुन्हा उघडून पाहिलं. तो तिकडे जन्मात गेला नव्हता. "पहिल्या वावरापाशी वळा."

"वळलो ना! इथं एक म्हैस हाय फक्त."

वऱ्हाडातला माणूस नकाशा उघडतो तो कुणाला तरी विचारायला निमित्त म्हणून. मंगळवारी चार फोन आले, बुधवारी नऊ. गुलाबाची कलमं घ्यायला निघालेल्या माणिकबाई डावीकडे वळत वळत कुणाच्या तरी साखरपुड्यात पोचल्या आणि तिथूनच त्यांनी फोन लावला.

"जेवाले बसवलं बापा आमाले. नाई म्हनता आलं नाई. आता कुकडं जाऊ?"

"आधी जेवून घ्या, मावशी. काय हाय जेवायले?"

"वांग्याची भाजी न् बुंदी. तू जेवला का?"

हा प्रश्न चंदनला गेल्या दिवाळीनंतर कुणी विचारला नव्हता. त्यानं वरणापासून लोणच्यापर्यंत सविस्तर उत्तर दिलं.

चूक तर त्याला कळलीच होती; खऱ्या वळणावर पाण्याची टाकी आहे, हे फोन करणाऱ्यांनीच सांगितलं होतं. चित्रातलं "कपाशीचं वावर" खोडून "पाण्याची टाकी" लिहायला दोन मिनिटं पुरली असती. ती दोन मिनिटं त्याला आठवडाभर सापडली नाहीत. उलट तो सकाळी आंघोळ करून, भांग पाडून फोनसमोर बसू लागला.

मग कंपनीच्या मालकीणबाई, वर्षाली मॅडम, यांचा फोन आला.

"चंदन, भगवंतराव वैतागले ना. गिऱ्हाईक सारा तालुका फिरून राहिलं, पण त्यांच्याइथं पोचत नाई. ते चित्र काढ न् इंटरॲक्टिव्ह लाव. मंग कोणाले फोन करायची गरजच नाई."

गरजच नाही! चंदननं रातोरात नव्हे, भर दुपारी चार पानी अहवाल लिहून काढला. इंटरनेटचा वेग, बॅटरीचा खर्च, म्हाताऱ्या माणसांची जाड बोटं, सगळं चित्राच्या बाजूनं. खरं कारण पाचव्या पानासाठी राखून ठेवलं आणि पाचवं पान लिहिलंच नाही.

मॅडमनी अहवाल वाचला. "पटलं. चित्रच ठेवू." चंदनचा जीव भांड्यात पडला. "फक्त वावराच्या जागी भगवंतराव म्हनते ती पाण्याची टाकी दाखव. अन् खाली तुझा नंबर काहून हाय? उगीच तुले तरास."

"नाही मॅडम, तरास कायचा..."

"मी आत्ताच बदलला. भगवंतरावांच्या घरचा टाकला."

चंदन वाद जिंकला होता. नकाशा बिनचूक झाला, गिऱ्हाइकं सुखरूप पोचू लागली. पुढच्या आठवड्यात गुरुवारी फोन शून्य, शुक्रवारी शून्य. शनिवारी दुपारी त्यानं चित्राखालचा नंबर स्वतःच लावला. भगवंतरावांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी उचलला.

"बोला भाऊ, कुठी अटकले?"

"रस्ता चुकलो, काकू."

"घाबरू नका. आजूबाजूले काय दिसते?"

चंदननं आजूबाजूला पाहिलं. "खाट. कॉम्प्युटर. पंखा."



"म्हंजे घरीच हाय का तुमी?"

"हो. अकोल्याले."

"मंग आदी घरातून निघा ना बाप्पा," मनकर्णाबाई म्हणाल्या, "पुढचं मी सांगीन."