न वाजणारी बेल आणि गप्प बसलेली गल्ली

जोतीराम कानात काही सांगायला लागला, तरी ते पुढच्या चौकापर्यंत कळायचं. अशा माणसाच्या लेकीनं न वाजणारी बेल बनवावी, याचं गल्लीला नवल वाटे आणि जोतीरामला अभिमान.

संयोगिताला ऑटिझम होता. अचानक बेल किंचाळली की तिचा अख्खा दिवस विस्कटायचा. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर तिनं स्वतःची बेल स्वतःच केली. बाहेर बटण दाबलं की आतला पिवळा दिवा आधी मंद लागायचा, मग हळूहळू उजळायचा. कोणी आलंय हे कळायचं आणि दार उघडायला मनाची तयारीही व्हायची. ती बेल बघायला आज कागलच्या एका स्विचच्या कारखान्यातून सबिना मॅडम येणार होत्या. पसंत पडली तर बेल बाजारात जाणार होती, संयोगिताच्या नावासकट.

जोतीरामनं आनंदाच्या भरात हलगीवाले बोलावले. ते दारात येतात न येतात तोच शेजारच्या आकारामनं त्याला बाजूला ओढलं.

"येडा झालास काय? पोरीला आवाज सोसत न्हाय, आन् दारात हलगी लावतोस?"

जोतीराम चरकला. हलगीवाल्यांना त्यानं तिथूनच वाटेला लावलं आणि गल्लीला हुकूम सोडला, "मॅडम येऊन जाईस्तवर कुणी ब्र काढायचा न्हाय!" हा हुकूम दोन गल्ल्यांनी ऐकला.

गल्लीचा संयोगितावर जीव. माणसं दारासमोर जमली, पण हाताची घडी, तोंडावर बोट. आता कोल्हापुरात एका दारात एवढी माणसं उभी आहेत आणि एकही बोलत नाही, म्हटल्यावर बघणाऱ्यानं काय समजायचं?

त्यात जोतीरामचाही आवाज नाही, हे बघून दूधवाल्यानं टोपी काढली. आकारामला त्यानं खुणेनं विचारलं, कधी? मॅडम अकराला येणार होत्या. आकारामनं घड्याळावर अकराच्या आकड्याला बोट लावलं. दूधवाला गडमुडशिंगीचा. त्यानं तिथं राहणाऱ्या जोतीरामच्या बहिणीला, झुंबरबाईला, लगेच फोन केला, "जोतीराम गेला. अकराला नेणार हायत."

अकराला सबिना मॅडम आल्या. गर्दी बघून त्यांनी बेताबेतानं चपला काढल्या, मान खाली घालून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि आजचा दिवस बरा नव्हे, असं म्हणून माघारी वळल्या. लेकीचं नशीब चाललंय आणि तोंड उघडायचं नाही! जोतीराम हातवारे करत त्यांच्यामागं धावला.

तेवढ्यात रिक्षा थांबली.

"दादा रंऽऽ!" झुंबरबाईनं उतरता उतरताच हंबरडा फोडला. समोर दादा पळतोय हे बघून ती आणखी मोठ्यानं ओरडली, "आन् जिता हाईस तर बोलत का न्हाईस?"

झालं. सकाळपासून दाबून धरलेली सगळी तोंडं एकदम सुटली. जो तो झुंबरबाईला समजावायला लागला. कुणी गेलेलं नाही हे सबिना मॅडमनाही उमगलं, पण त्या गलक्यात आपलं कोण ऐकणार, म्हणून त्यांनी शेवटी दाराचं बटण दाबलं.

थोड्या वेळानं दार उघडलं. संयोगिताच्या कपाळावर आठी होती.

"आबा, हलगी वाजणार म्हणून सांगितलासा. मी मनाची तयारी करून बसलोय. बंद का केलीसा?"

"तुला आवाज सोसत न्हाय म्हणून, बाळ."

"हलगी आवडती मला. न सांगता दणका बसला की तरास हुतो. न सांगता बंद केलं, तरी हुतो. मला इचारायचं की!"

जोतीराम ओशाळला. लेकीसाठी त्यानं आजवर जिवाचं रान केलं होतं, पण तिला विचारायचं मात्र बऱ्याचदा राहून गेलं होतं.

"या गोंधळात वाजणारी बेल ऐकूच आली नसती," सबिना मॅडम म्हणाल्या. "ही आम्ही घेणार. फक्त दिवा निळा करायचं आमचं ठरलंय."

"मला इचारलासा?"

मॅडम थबकल्या. "नाही. आता विचारते. निळा चालेल?"

"न्हाय. डोळ्यात टोचतो."

"मग पिवळाच. आणि पुढची वस्तू तू आमच्याबरोबर बसूनच करायची."

गल्ली जोतीरामकडे बघायला लागली. तो लेकीजवळ गेला आणि जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "बाळ, जरा मोठ्यानं बोलू काय? एकदाच."

संयोगितानं दोन्ही कानांवर हात ठेवले, पाय घट्ट रोवले आणि मान हलवली. "हं. बोला आता."

"पोरगी माझी हाय!"