फुल लोडवर मुळे

आमच्या गल्लीत ज्या मोटरपायी अनंत मुळ्यांचा नळ कापला गेला, ती मोटर माझी होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला माहीत होतं, कारण मोटरीवर रिकामं पोतं तीच टाकायची. पण त्यावर आमचं बोलणं कधी झालं नाही. संसारात अशा बऱ्याच गोष्टी पोत्याखाली नीट राहतात.

आता मुळ्यांबद्दल सांगतो. माझ्याबद्दल पुढं सांगावं लागणारच आहे.

मुळे आमचे भिंतीला भिंत शेजारी. हा माणूस भर मे महिन्यात घरात उघडाबंब बसायचा, डोक्यावर ओला पंचा, आणि कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडं. पाहुण्यानं कूलरच्या वाऱ्यात यायचं नाही. मी एकदा चुकून आलो, तर पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडं बोट दाखवून म्हणाले, "गाडेकर, बाजूला सरका. तुमच्यामुळं त्याचं दोन डिग्रीनं वाढलं."

कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मशीन जास्त पळवायचं, तापेल तेवढं तापू द्यायचं आणि जळायच्या बोटभर अलीकडं थांबायचं, याला ते ओव्हरक्लॉक म्हणत. "कंपनीनं दिलं तेवढ्यात समाधान मानायला मी काय बैल आहे?" असं विचारत. आणि मशीन थाडकन बंद पडलं की पंच्यानं मान पुसत शांतपणे म्हणत, "अजून थोडं निघतंय यातून."

गंमत अशी, की हेच मुळे बँकेत होते तेव्हा त्यांच्या काउंटरवरची माणसं नंबर लावून घरी जाऊन जेवून यायची. नोटा मोजताना मध्येच थांबून पंख्याचा आवाज ऐकायचे आणि त्याचं बुश गेल्याचं शिपायाला सांगायचे. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा मॅनेजरनं अर्ज स्वतः आणून दिला म्हणतात. त्यांची बायको पुण्याला माहेरी गेली ती तिकडचीच झाली. कुणी विचारलंच, तर उत्तर एकच: "सेटिंग स्टेबल नव्हतं." कुणाचं, ते कधी सांगितलं नाही.

आता गल्लीचं सांगतो. आम्ही रो-हाउस घेतली तेव्हा मागं ज्वारी होती. बघता बघता ज्वारीच्या जागी अपार्टमेंट उभ्या राहिल्या, पाइप मात्र ज्वारीच्या काळातलाच राहिला. त्यात दुष्काळ. जायकवाडी तळाला गेलेलं, नळ आठवड्यातून एकदा, तोही दुपारी, आणि करंगळीएवढा. ज्याच्या घरी मोटर, तो ती थेट नळाला जोडायचा आणि पाइपातलं पाणी ओढून घ्यायचा. पुढच्या घरांना मग नुसती हवा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे याच्या विरोधात होते. मोटर सापडेल त्याचा नळ कापायचा, हा नियम करणाऱ्या गल्लीच्या पाणी समितीचा मी तर चिटणीस होतो.

माझ्याकडं कारण होतं. कारण कुणाकडं नसतं म्हणा. माझी आई अर्धांगानं खुर्चीला खिळलेली होती. करमाडकडची बाई, उभा जन्म मेंढरांमागं गेला. तिचं धुणंपुसणं रोजचं, दिवसातून दोनदा.

लोडशेडिंगमध्ये गल्लीत एकट्या मुळ्यांकडं इन्व्हर्टर होता, म्हणून वीज जाईल त्या दुपारी आम्ही आईची खुर्ची ढकलत त्यांच्याकडं नेऊन ठेवायचो. मुळे त्या वेळी गेम खेळत असायचे. खेळत म्हणजे काय, तर गेममधला घोडेस्वार गोळीबार सोडून एका नदीच्या काठावर नेऊन उभा करायचा आणि बघत बसायचं. दुष्काळात एवढी महागाची यंत्रसामग्री आणून हा बाबा पाणी बघायचा. आईनं ते काही दिवस बघितलं. मग एकदा म्हणाली, "दादा, हे पानी नाय. ही ताडपत्री हाय. वाऱ्यानं हालायली."

मुळ्यांच्या आयुष्यात त्यांच्या मशीनला कुणी इतकं बोललं नव्हतं. तोंड उतरलं. ग्राफिक कमी ठेवलंय, वाढवलं की मशीन दम टाकतं, जुना मदरबोर्ड झेपवत नाही, असं काहीबाही आईला समजावायला लागले. आई म्हणाली, "मंग नवा आना." झालं.

मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसवायचं ती पाटी, एवढं मला त्या दोन महिन्यांत कळलं. पैठण गेटच्या बाजूच्या गल्लीत अझहरभाईंचं दुकान आहे. तिथं मुळे मला स्कूटरवर मागं बसवून न्यायचे. स्थळ बघायला जाताना एक माणूस सोबत लागतो, तसा. खोक्यातून बोर्ड काढायचे, उजेडात धरायचे, हातावर तोलायचे, चक्क वास घ्यायचे. चिपसेट कुठला, म्हणजे घराणं काय. करंट सांभाळणारे फेज किती. दुकानातला कामगार बारा म्हणाला, तर हे म्हणाले, "खरे सहा. बाकीचे जोडीला उभे केलेत, लग्नात मानपानाचे लोक असतात तसे." मग पाठ उलटी करून डाग तपासायचे, आणि "कळवतो" म्हणून बाहेर पडायचे.

शेवटी अझहरभाईंनी हात जोडले. "मुळेसाब, दो महीने से देखरे आप. इत्ते में मेरी बहन का रिश्ता होके रुखसती भी हो गई."

"तिला साडेचार गीगाहर्ट्झवर पळायचं नव्हतं, अझहरभाई," मुळे म्हणाले, आणि अगदी पहिल्या दिवशी बघून नाकारलेला बोर्ड घेऊन आले.

पाणीटंचाईमुळं त्यांनी कूलर कोरडा करून माळ्यावर टाकला होता. स्वतः घामात बसले, पण मशीनला थंडावा हवा. म्हणून त्यात पाण्याच्या नळ्या बसवल्या. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणून त्यात भरली. लिटरभर पाणी, तेच आतल्या आत फिरणार. नळ्या पारदर्शक, आत निळे दिवे. शिवाय सहा पंखे. मग वेग वाढवणं सुरू झालं. आज एक पायरी चढवायची, मशीन मरायचं, विजेचा दाब टीचभर वाढवायचा, परत चढवायची. एखादी पायरी टिकते का हे बघायला ते स्ट्रेस टेस्ट लावायचे. म्हणजे मशीनला तासन् तास जीव तोडून पळवायचं. त्या वेळी त्यांच्या घरातून असा घुंईऽऽ आवाज यायचा की पिठाची गिरणी सुरू झाली वाटावं.

ही टेस्ट ते नेमकी नळाच्या दुपारी लावतात, हे माझ्या लवकरच लक्षात आलं. माझ्या मोटरीचा आवाज त्यांच्या आवाजात बुडून जायचा. मी याला देवाची कृपा समजलो. समजलो आणि अर्ध्या एचपीच्या जागी एक एचपीची मोटर बसवली.

गल्लीच्या टोकाला पवारांचं घर. त्यांच्या नळाला नुसती फुसफुस. एका दुपारी पवार पाणीपुरवठ्याच्या लाइनमनला घेऊन आले, मागं अर्धी गल्ली, आणि सगळे मुळ्यांच्या फाटकासमोर उभे राहिले. समितीचा चिटणीस म्हणून मलाही बोलावलं. मी घाईनं मोटरीचं बटण बंद करून, हात पुसत गेलो.

पवारांनी विचारलं, घरातून मोटरचा आवाज येतो का. मुळे म्हणाले, येतो. आत पंप आहे का. आहे. पाणी फिरतंय का. "फिरणारच, नाहीतर थंड कसं राहील?" दुसरा कुणी असता तर एवढ्यात सावध झाला असता. मुळ्यांना वाटलं, लोकांना अखेर विषयात गोडी वाटायला लागली. ते सगळ्यांना आत घेऊन गेले, झाकण काढलं आणि नळ्या दाखवल्या.

पवारवहिनी वाकून बघून म्हणाल्या, "आम्हाला प्यायला तांब्याभर नाय, अन् इथं पाण्याला लायटिंग."

त्यानंतर कुणी काही ऐकून घेतलं नाही. लिटरभर पाणी, बॅटरीचं दुकान, सगळं सांगून झालं. नळाला मोटर जोडलेली नव्हती हे लाइनमननं पाहिलं. आम्ही यायच्या आत काढली असेल, असं ठरलं. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मुळेही.

मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा."

मुळे "बरोबर आहे" म्हणाले आणि लाइनमनला पाना मारायला अडचण नको म्हणून नळाजवळची स्कूटर स्वतः बाजूला घेतली.

नळ कापल्यावर ते पाण्याचे जार विकत आणायला लागले. स्कूटरच्या पुढं जार, त्याच्या दोन्ही बाजूंना फाकवलेले गुडघे. पोरं मागून "मोटर मुळे, मोटर मुळे" ओरडायची. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचो. पुढच्या आठवड्यात नळाच्या दिवशी सकाळी त्यांनी मला मधल्या भिंतीवरून हाक मारली. मला वाटलं, आता बोलणार. बोललेच.

"गाडेकर, बेअरिंग बदलून घ्या."

"कशाचं?"

"पोत्याखालच्या मोटरीचं. महिना झाला वाजतंय. इकडून मी फुल लोड टाकायचो म्हणून दबून जायचं. आता माझा नळच नाही, तेव्हा लोक दुसरा आवाज शोधणार."

टेस्ट तुम्ही मुद्दाम लावत होता का, असं मी विचारलं असावं. त्यांनी दांडीवर वाळत घातलेल्या आईच्या चादरींकडं पाहिलं.

"म्हातारीला कोरडं ठेवायचं तर पाणी लागतं," ते म्हणाले. "आणि मशीनमधून थोडं निघत होतंच."

त्याच दिवशी मी मोटर काढली आणि पवारांच्या दारात नेऊन ठेवली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी बेअरिंग बदलून घेतलं. मोटर मऊ चालायला लागली.

पाऊस त्याही वर्षी हुलकावणी देऊन गेला. त्या सुमाराला एका दुपारी मुळे स्वतः आमच्याकडं आले आणि आईची खुर्ची ढकलत घेऊन गेले. मी मागं मागं गेलो. मशीन स्टेबल झालं होतं. पडद्यावर तीच नदी, पण आता तिच्यावर ऊन हलत होतं, काठाच्या दगडांना ओल होती. चालता होता तो डावा हात उचलून आईनं तळवा पाण्यावर ठेवला. पडद्याला बोट लावलं म्हणून मुळ्यांनी माझ्या पुतण्याला एकदा घराबाहेर काढलं होतं. आता त्यांनी आईची खुर्ची थोडी पुढं सरकवली.

"आता हाय पानी," आई म्हणाली. "पर एवढं पानी अन् एक मेंढरू नाय. कुनाचं गाव हाय दादा हे?"

त्यानंतर रोज दुपारी, आई शेजारी बसलेली असताना, मुळे घोडा घेऊन डोंगर-दऱ्या पालथ्या घालायचे. बंदुकवाले समोर आले की वाट बदलायचे. नदीच्या वरच्या अंगाला एका कुंपणाआड त्यांना सात-आठ मेंढरं सापडली, तोवर आई गेली होती. हे त्यांनी मला तिच्या दहाव्याला सांगितलं, घाटावर, नातेवाइकांसमोर. नातेवाइकांना वाटलं, माणूस जरा सरकलेला आहे. मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही.

आई गेल्यावर मी मोटर भंगारात घातली. त्यात कसला मोठेपणा नव्हता, गरज उरली नव्हती. पुढं पाऊस झाला, पाइप मोठा आला, मुळ्यांचा नळ परत जोडला गेला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. कुणी नवीन भाडेकरू आला की पवार त्याला अजून सांगतात, हे मुळे पाणी चोरायचे बरं का. मी तिथं असलो तर घड्याळ बघतो आणि निघतो. मुळे अजून भिंतीपलीकडं राहतात, अजून नवीन बोर्डाचं बघतायत आणि सोबत चला म्हणून मलाच हाक मारतात. मी जातो.

हे कागदावर लिहिणं सोपं गेलं. इथं मला कुणी अडवत नाही. पवार जिवंत आहेत, मुळे जिवंत आहेत, गल्ली तीच आहे. दोघांना समोर उभं करून पाणी मी ओढत होतो हे तोंडानं सांगायचं मी देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.